स्नो ब्लोअर बर्फ का फेकत नाही? एका तक्रारीचा इतिहास

यंत्रांच्या इतिहासावर काम करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी पेटंट शोधायला लागतात. मीही तेच केलं. पण पेटंटमध्ये यंत्र कधीच बिघडत नाही. तिथे ते कायम ठरल्याप्रमाणे फिरतं, ठरल्याप्रमाणे काम करतं. खरं यंत्र भेटतं ते चालकाला दिलेल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर. बिघाड, कारण आणि उपाय अशा तीन रकान्यांचा तक्ता तिथे असतो. आज त्या तक्त्यातली एकच ओळ घेऊ: ट्रॅक्टरला जोडलेला स्नो ब्लोअर बर्फ लांब फेकत नाही, मध्येच तुंबतो.

कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात ही तक्रार जुनी आहे, आणि ती फक्त गैरसोयीची नाही. दूध काढणाऱ्या शेतकऱ्याच्या वाटेवर बर्फ साचला तर दुधाची गाडी गोठ्यापर्यंत येऊच शकत नाही. गाई मात्र दोन्ही वेळा दूध देतातच. त्यामुळे ब्लोअर तुंबला की माणूस घाईत खाली उतरतो आणि हाताने बर्फ काढायला जातो. अशात बोटं गमावलेली माणसं आहेत.

तक्त्यातल्या कारणाच्या रकान्यात सहसा दोन गोष्टी दिसतात: ट्रॅक्टर फार वेगात चालवला, किंवा पंख्याचे फेरे कमी पडले. म्हणजे चूक चालकाची. इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबायला हवं. सगळेच चालक तीच चूक करत असतील, तर ती खरंच चालकाची असते का?

आता जरा मागे जाऊ. फिरत्या चाकाने बर्फ फेकायची कल्पना रेल्वेसाठी निघाली. 1869 मध्ये टोरांटोचे दंतवैद्य जे. डब्ल्यू. एलियट यांनी तिचं पेटंट घेतलं, पण यंत्र काही बाजारात आलं नाही. पुढे ऑन्टॅरिओतल्या ऑरेंजव्हिलच्या ऑरेंज जुल यांनी ती कल्पना वाढवली, छोटे नमुने बनवले आणि ते वाळूवर चालवून पाहिले. मग 1883-84 च्या हिवाळ्यात लेस्ली बंधूंकडून पूर्ण आकाराचं यंत्र बांधून घेतलं.

वाळूवर! मला हा तपशील फार आवडतो. वाळू वर्षभर मिळते, पण ती चाकाला चिकटत नाही. बर्फ चिकटतो, आणि तोही रोज वेगळा असतो. ताजा भुरभुरीत बर्फ घनमीटरला 100 किलोच्या आसपास किंवा त्याहून हलका असतो, तर ओला किंवा वाऱ्याने दाबलेला 400 किलोपर्यंत जातो. (आपल्याकडे तर गोळेवाल्याचा बर्फ आणि आभाळातून पडणारा बर्फ, दोन्ही ‘बर्फ’च!) म्हणून जुन्या नोंदीत ‘यंत्र यशस्वी झालं’ असं दिसलं की पुढचा प्रश्न विचारायचा: कुठल्या बर्फात?

पण रेल्वेच्या यंत्रात एक महत्त्वाची सोय होती. त्याच्यावरचं वाफेचं इंजिन फक्त चाक फिरवायचं, आणि यंत्राला पुढे ढकलायचं काम मागची वेगळी इंजिनं करायची. बर्फ दाट लागला तर ढकलणं कमी करायचं, चाक मात्र पूर्ण वेगात ठेवायचं.

क्युबेकच्या आर्थर सिकार यांनी 1925 मध्ये रस्त्यासाठी स्नो ब्लोअर बनवला. तरुणपणी पाहिलेल्या मळणी यंत्रावरून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. 1927 मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या उत्रमों गावाने त्यांचं पहिलं यंत्र घेतलं. त्यातही ट्रक चालवायला एक इंजिन आणि बर्फ फेकायला दुसरं.

हेच तंत्र ट्रॅक्टरवर आलं तेव्हा दुसरं इंजिन गेलं. चाकं आणि पंखा दोन्ही एकाच इंजिनावर, आणि त्या काळच्या बहुतेक ट्रॅक्टरवर एकाच क्लचवर. पंख्याला ताकद मिळते ती पीटीओ शाफ्टमधून. आपल्याकडे रोटाव्हेटर ज्या 540 फेऱ्यांवर चालतो, तोच हा शाफ्ट.

फोर्ड 8एन हा 1947 ते 1952 मधला ट्रॅक्टर घ्या. पाच लाखांहून जास्त विकला गेला. पुढचे गिअर चार, रिव्हर्सचा एकच. मागे लावलेल्या ब्लोअरने बर्फ काढायचा तर ट्रॅक्टर उलटा चालवायचा, तासन्‌तास मान वळवून. म्हणजे ‘खालच्या गिअरमध्ये चालवा’ हा तक्त्यातला उपाय इथे लागूच पडत नाही. रिव्हर्सला खालचा गिअरच नाही!

थोडं गणित करू. दीड मीटर रुंद ब्लोअर, 30 सेंटीमीटर बर्फ, ताशी चार किलोमीटर वेग, आणि घनमीटरला 200 किलो वजन धरलं, तर यंत्रात सेकंदाला एक क्विंटल बर्फ शिरतो. वीस-पंचवीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला हे झेपत नाही, इंजिन दबतं. शाफ्ट 540 वरून 400 फेऱ्यांवर आला की बर्फाचं अंतर एक चतुर्थांशाने नाही, जवळपास निम्म्याने घटतं, कारण हवेचा अडथळा सोडला तर ते वेगाच्या वर्गावर ठरतं. मग फेकलेला बर्फ वाटेवरच पडतो, आणि चालकाला वाटतं पंखाच खराब आहे.

गंमत पुढे आहे. इंजिन दबलं की चालक क्लच दाबतो, आणि ट्रॅक्टरसोबत पंखाही थांबतो, तोही पोटात बर्फ घेऊन. बर्फ आत घट्ट बसतो. पुन्हा क्लच सोडला की शिअर बोल्ट तुटतो. तक्त्यात ‘बोल्ट तुटणे’ ही वेगळी ओळ असते, ‘तुंबणे’ वेगळी आणि ‘लांब न फेकणे’ वेगळी. प्रत्यक्षात या ट्रॅक्टरवर तिन्ही एकाच गोष्टीची नावं आहेत. स्रोत ज्या रकान्यांत बोलतो त्याच रकान्यांत आपण विचार केला, तर ही गोष्ट हातातून निसटते.

1946 मध्ये कॅनडातल्याच ब्रँटफर्डच्या कॉकशट कंपनीने ‘30’ नावाचा ट्रॅक्टर आणला. त्याचा पीटीओ चाकांच्या क्लचवर अवलंबून नव्हता. ट्रॅक्टर थांबवा, पंखा फिरत राहील. आपल्याकडे रोटाव्हेटर चालवणारे ‘डबल क्लच’चाच ट्रॅक्टर हवा म्हणून अडून बसतात, त्यामागे गरज हीच. पण शेतकरी दर हिवाळ्याला नवा ट्रॅक्टर घेत नाही. जुने ट्रॅक्टर पुढे कित्येक वर्षं ब्लोअर ओढत राहिले.

मग ते चालवायचे कसे? क्लच शक्यतो इंजिन दबायच्या आधीच दाबायचा, गिअर न्यूट्रलला घ्यायचा, क्लच सोडून उभ्या ट्रॅक्टरवर पंखा रिकामा होऊ द्यायचा, मग पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा आणि दोन-चार हात सरकायचं. रेल्वेवर आणि सिकारच्या ट्रकवर जे काम दुसरं इंजिन करत होतं, ते इथे चालकाच्या डाव्या पायाकडे आलं. पेटंटमध्ये हा पाय दिसत नाही. म्हणून सध्या मी जुन्या पुस्तिकांमधले क्लच दुरुस्तीचे भाग वाचतेय.