चारीवरचा ठसा

आयुष्यात मी एकच केस हाताळली. वर्ष १९९६, मी सातवीत. आणि ती केस मी साफ चुकीची सोडवली.

दोस्ताच्या घरचं शिर्डीत हार-प्रसादाचं दुकान होतं. गावाबाहेर त्यांचा गुलाबाचा अर्धा एकर. पहाटे तो आणि त्याचे वडील फुलं तोडायला जायचे. त्या दिवशी वडील तापाने पडलेले, म्हणून तो एकटाच गेला. उन्हं वर आली तरी पोरगं परत येईना. शेजारचा वाटेकरी बघायला गेला, तर हा चारीच्या कडेला बेशुद्ध. डोक्याला मोठी खोक आणि फुलांची पाटी पाण्यात. (चारी म्हणजे कालव्याचा फाटा. गोदावरीच्या कालव्यावर आमचा ऊसही जगतो आणि भांडणंही.)

दोस्ताला दवाखान्यात नेलं. मी शाळा बुडवून चारीवर गेलो. दप्तरात फूटपट्टी, कंपासपेटी आणि नवी वही. मला हे कुणी शिकवलं म्हणाल, तर फुरसुंगीच्या बनेश फेणेने. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तुम्ही कदाचित २०१७च्या सिनेमातून ओळखत असाल. त्यात परीक्षेसाठी पुण्यात आलेला बनेश नुकत्याच ओळख झालेल्या मुलाच्या मृत्यूचा छडा लावतो. आम्ही मात्र तो शाळेच्या कपाटातल्या फाटक्या पुस्तकांतून वाचला. सायकल, ‘ट्टॉक्’ आणि कुणी सांगितलेलं नसताना नाक खुपसायची हिंमत. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार मोठ्यांचा होता, मुंबईचा होता. फेणे मात्र आपल्यासारखा, लहान गावचा.

चिखलात मला अनवाणी पायाचे ठसे सापडले. लांबी मोजली, चित्र काढलं. ठसे चारीपासून निघून माळावरच्या पारध्यांच्या पालांकडे जात होते. वहीत लिहिलं, ‘संशयित – पालावरचा पोरगा.’ वही दोस्ताच्या चुलत्यांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, पाठीवर थाप मारली आणि चार माणसं घेऊन माळावर गेले. त्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना रात्रभर चौकीत बसवून ठेवलं. मला घरी शिरा मिळाला.

पुढचं सांगण्याआधी दोनशे वर्षं मागे जावं लागेल. मी जे केलं त्याला आपल्याकडे जुनं नाव आहे, माग काढणं. तो हौसेचा उद्योग नव्हता, ते बलुतं होतं. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा मोठा अहवाल लिहिला. त्यात गावच्या जागल्याचं काम बारकाईने आलंय. रात्री गस्त घालायची. गावात कोण आलं, कोण गेलं, कुठे उतरलं याची खबर पाटलाला द्यायची. आणि चोरी झाली तर चोर शोधायचा. जागल्याने पावलांचा माग काढत शिवेपर्यंत न्यायचा. माग शीव ओलांडून गेला की जबाबदारी पुढच्या गावच्या जागल्यावर. तो आपल्या शिवेपर्यंत नेणार, मग तिसरं गाव. माग जिथे हरवेल त्या गावाने भरपाई द्यायची. आधी जागल्याच्या ऐपतीप्रमाणे त्याच्याकडून, उरलेली गावाकडून.

म्हणजे माग चुकीचा काढला तर स्वतःच्या खिशाला चाट. माझ्या वहीला तसली काही जोखीम नव्हती.

हे जागले कोण? पुण्याच्या बाजूला बहुतेक रामोशी. उत्तरेला, खानदेश आणि आमच्या गंगथडीच्या पट्ट्यात भिल्ल. ज्यांना गाव पांढरीत घर देत नव्हतं, त्यांच्याच हाती गावाची रात्र होती. यांची विद्या ठसा पाहण्यात नव्हती. चिखलातला ठसा कुणालाही दिसतो, सातवीतल्या पोरालाही. या वाटेवर रोज कोणता पाय उमटतो आणि आज कोणता नवा आहे, हे त्यांना ठाऊक असायचं. अख्ख्या गावाची पावलं तोंडपाठ असल्याशिवाय ते जमत नाही. आताच्या शिर्डीत कुणी माग काढून दाखवावा! रोज हजारो माणसं चपला काढून रांगेत उभी राहतात. आलं-गेलं कोण, ते आता लॉजच्या रजिस्टरात आणि सीसीटीव्हीत.

इंग्रजांनी ही व्यवस्था एका झटक्यात मोडली नाही, पण तिचं हाड मोडलं. १८१८नंतर पुरंदरच्या परिसरातल्या रामोशांची किल्ल्याची राखण आणि तिच्यासोबतचे हक्क गेले. उमाजी नाईक त्यातूनच उभा राहिला आणि १८३२ साली पुण्यात फासावर गेला. १८६७च्या कायद्याने गावचा पोलीस सरकारी चौकटीत बसवला. आजचा पोलीस पाटील १९६७च्या ग्रामपोलीस कायद्यातून येतो.

खरा उलटफेर वेगळाच आहे. १८७१ साली उत्तर हिंदुस्थानासाठी गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. अख्खी जमात जन्माने गुन्हेगार. नावं नोंदवायची, हजेरी द्यायची, बोटांचे ठसे द्यायचे, तेही काही घडण्याआधीच. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. या यादीतून सुटलेल्यांना स्वतंत्र भारताने ‘विमुक्त’ म्हटलं. महाराष्ट्रातल्या चौदा विमुक्त जातींची यादी काढून बघा, त्यात रामोशी आहेत. ज्यांनी चोराचा माग काढायचा, त्यांचाच माग सरकार काढू लागलं. पारधी तर फास लावून शिकार करणारे, पाऊल वाचण्यात त्यांचा हात कोण धरणार? त्यांच्याही वाट्याला हेच आलं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि शिक्का पुसला जायचा राहून गेला.

मला यातलं १९९६ साली काहीच माहीत नव्हतं. तरी माझी पट्टी थेट पालाकडेच कशी गेली? चारीवर चपलांचेही ठसे होते. ते मी मोजले नव्हते. मोजावेत असं वाटलंच नाही. चपलेचा माणूस आपल्यातला.

चौथ्या दिवशी दोस्त नीट बोलू लागला. मारणारा चुलत्यांचा गडी होता. बांध कोरण्यावरून दोन्ही घरांत वर्षभर धुसफूस चालली होती. त्या पहाटे गडी बांधावर कुदळ घेऊन दिसला, दोस्ताने हटकलं, तेव्हा त्याने दांडा हाणला. चुलत्यांना हे माहीत होतं की नव्हतं, यावर त्या घरात आजही दोन मतं आहेत. प्रकरण घरातल्या घरात मिटवलं गेलं. तक्रार झालीच नाही.

आणि तो अनवाणी ठसा? पालावरचा मुलगा रोज पहाटे त्याच जागेवरून चारीचं पाणी भरून न्यायचा. दोस्ताने मला हे दवाखान्यातच सांगितलं, अगदी सहज. त्याला ते माहीत होतं, कारण तो रोज तिथे असायचा. मी त्या दिवशी पहिल्यांदाच गेलो होतो.

त्या संध्याकाळी मी माळावर गेलो. पालं उठलेली. तीन दगडांची चूल, राख, एक फुटका माठ. कुठे गेले, विचारायला कुणी नव्हतं. जमीन कडक होती, तिच्यावर काही उमटलेलं नव्हतं.

दोस्त आता दुकान चालवतो. डोक्यावरची खूण केसांखाली आहे. परवा वही सापडली म्हणून मी त्याला दाखवायला नेली. पानं उलटून तो म्हणाला, “लेका, माझं नाव आहे, काकांचं आहे, हवालदारांचंही आहे. त्याचं कुठंय?”

नव्हतं. विचारलंच नव्हतं.