मजुराच्या ताटाचा हिशोब

1877 साली, दख्खन दुष्काळात होरपळत असताना, ब्रिटिश सरकारचे दुष्काळासाठीचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराला दिवसाला सुमारे 450 ग्रॅम धान्य आणि एक आणा पुरे, असे ठरवले. बाईला आणि मुलाला त्याहून थोडे कमी. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी वैद्यकशास्त्राच्या आधारे या मापाला विरोध केला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. कोणाला हे पोषणशिक्षणाच्या इतिहासाचे पहिले पान वाटणार नाही. पण मजुराने किती खावे याचा उपदेश आपल्याकडे सुरू झाला तो इथून, आणि तो करणाऱ्याच्याच हाती मजुरीचा दर होता. 450 ग्रॅम ज्वारीतून जेमतेम 1600 कॅलरी मिळतात. पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने बैठे काम करणाऱ्या पुरुषासाठी 2400 आणि अंगमेहनतीच्या कामासाठी 3900 कॅलरींचे प्रमाण सांगितले. खडी फोडणाऱ्याच्या वाट्याला आले ते खुर्चीत बसणाऱ्याच्या गरजेहूनही कमी. शेतमजुराच्या आहाराबद्दल त्यानंतर जे काही शिकवले गेले, ते याच कसोटीवर तपासायला हवे: शिकवलेले ताट त्याच्या रोजात बसते का?

स्वातंत्र्यानंतर भाषा बदलली, दयाबुद्धीही आली. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे दुष्काळी कामांवर होती. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळे आणि कामावर सुकडी वाटली जाई. तिने अनेकांचा जीव तगवला, हे मान्यच करायला हवे. तरीही माणसांना खरा आधार दिला तो कामाने. सांगली जिल्ह्यात वि. स. पागे यांनी आधी करून पाहिलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. मात्र काम मिळाले तरी रोज किती, हा प्रश्न उरलाच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. अभय बंग यांनी शेतमजुराच्या कुटुंबाची गरज नव्याने मोजली आणि त्यावेळचे चार रुपयांचे किमान वेतन बारा रुपये असायला हवे, असे दाखवून दिले. त्यातून आंदोलन झाले, दर वाढवावे लागले. पोषणशास्त्राने महाराष्ट्रातल्या शेतमजुराची केलेली ही माझ्या मते सर्वांत मोठी सेवा. तिच्यात मजुराला उपदेशाचा एक शब्दही नव्हता. धडा होता तो सरकारला.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. रोज वाढला म्हणजे ताट सुधारतेच असे नाही. पैसा दारूत जातो, चहा-बिस्किटांत जातो. बाळंतिणीचे चिकाचे दूध पिळून टाकले जाते, मूल मोठे होईल म्हणून गरोदर बाईला पोटभर खाऊ दिले जात नाही, हगवण लागलेल्या पोराचे पाणी तोडले जाते. यातल्या कशाचेही उत्तर मजुरीत नाही, समजुतीत आहे. हे खरे आहे. पण समजूत कोण घालते, याला तितकेच महत्त्व आहे. नगर जिल्ह्यातल्या जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले, तेव्हा तिथे हजारामागे 176 बालके पहिला वाढदिवस पाहत नव्हती. बाहेरून आलेल्या परिचारिकांचे गावात फारसे कोणी ऐकेना. मग गावातल्याच बायका निवडल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, रानात खुरपायला जाणाऱ्या होत्या. त्या जामखेडला येऊन शिकत आणि गावात जाऊन सांगत. चीक पाजणारी, पोराला मीठ-साखरेचे पाणी देणारी, परसात भाजी लावणारी बाई शेजारचीच असल्यावर तिचे ऐकले जाते. तिच्याकडे कोणते पीठ आहे आणि दूध नाही, हे सगळ्या वस्तीला ठाऊक असते. शिवाय आरोळ्यांनी नुसते शिक्षण दिले नाही. विंधन विहिरी खोदल्या, शेतकऱ्यांची मंडळे उभी केली. बालमृत्यू झपाट्याने घटले ते या सगळ्याच्या जोडीने, त्यामुळे जामखेडचे उदाहरण देऊन ‘फक्त शिकवा’ असे म्हणता येत नाही.

उलट बाजूचा पुरावा मेळघाटात आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात एकात्मिक बालविकास योजनेचे पहिले 33 प्रकल्प सुरू झाले, त्यांत मेळघाटातले धारणी होते. म्हणजे अंगणवाडी, पूरक आहार आणि मातांना आहाराचे धडे हे सारे तिथे राज्यात सर्वांत आधी पोहोचले. तरीही 1993 साली मेळघाटातल्या कुपोषणाने आणि बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तिथली कोरकू आदिवासी कुटुंबे कामासाठी घर सोडतात, अंगणवाडी मात्र जागच्या जागी राहते.

ऊसतोड मजुरांची गत आजही हीच आहे. मुकादमाची उचल घेतलेले नवरा-बायकोचे कोयते दिवाळीच्या आगेमागे बीडहून निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पहाटे तीनला उठून भाकरी थापणाऱ्या बाईला पालेभाजीचे महत्त्व माहीत नसते असे नाही. ती निवडायला वेळ आणि विकत घ्यायला बाजार, दोन्ही तिच्या फडाजवळच्या कोपीपासून, म्हणजे झोपडीपासून, लांब असतात. राष्ट्रीय पोषण माह सप्टेंबरात, म्हणजे ती गावात असताना, साजरा होतो. तिच्या पोटातल्या आणि पाठीवरच्या मुलाला आहाराची सर्वाधिक गरज असते ते महिने मात्र फडात जातात. तेव्हा शासनाला आणि साखर कारखान्यांना सांगणे एवढेच: अंगणवाडी कोप्यांजवळ न्या, तिथे शिकवायला टोळीतलीच बाई नेमा, तिला मानधन द्या, आणि तोडणीचा दर ठरवताना टनासोबत कॅलरीही मोजा.