सुरतेचा किल्ला : तोफखाना ते संग्रहालय

सुरत म्हटले की मराठी वाचकाला शिवाजी महाराजांच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. तापीकाठचा किल्ला त्या कथेत येतो तो केवळ १६६४ मध्ये मोगल अधिकारी इनायतखान तेथे दडून बसला म्हणून. त्या वेळी किल्ल्यावरून तोफा डागल्या गेल्या खऱ्या, पण त्यांनी शहराचीच अधिक हानी केली, असे समकालीन इंग्रज लिहितात. मात्र एवढ्यावरून या वास्तूची परीक्षा करणे अन्यायाचे होईल.

पोर्तुगीजांनी १५३० मध्ये सुरत जाळली. त्यानंतर गुजरातचा सुलतान महमूद तिसरा याच्या काळात, १५४० च्या दशकात, खुदावंद खानाने हा किल्ला उभारला. त्याचे मूळ नाव ख्वाजा सफर. मुस्तफा रूमी खानाबरोबर १५३१ मध्ये तो दिवला आला होता. अकबराचा इतिहासकार निजामुद्दीन अहमद सांगतो की, दगड लोखंडी आकड्यांनी जखडून सांध्यांत शिसे ओतले होते. पोर्तुगीजांनी बांधकाम थांबवण्याचा प्रयत्न केला. तो फसला तेव्हा निदान वरची चौखंडी तरी बांधू नये म्हणून पैसे देऊ केले. खानाने ते नाकारले. पुढे १५४६ मध्ये दिवच्या वेढ्यात पोर्तुगीजांशी लढताना तोफेच्या गोळ्यानेच त्याचा अंत झाला.

किल्ल्यातील तोफांची हकीकत तर अधिकच बोलकी आहे. उस्मानी सेनानी सुलेमान पाशा याने १५३८ मध्ये दिवचा वेढा उठवला, तेव्हा काही तोफा किनाऱ्यावरच राहिल्या. त्यांतील काही खुदावंद खानाने सुरतेस आणल्या. या ‘सुलेमानी’ तोफा. अकबराने १५७३ मध्ये सुमारे दीड महिन्याच्या वेढ्यानंतर किल्ला घेतला आणि त्यांपैकी काही आग्र्यास नेण्याचा हुकूम दिला.

इंग्रजांनी १७५९ मध्ये किल्ला बळकावला. १८६२ मध्ये शिबंदी काढून घेण्यात आली आणि रिकाम्या दालनांत महसूल व पोलीस खात्यांच्या कचेऱ्या आल्या. त्यानंतर वास्तूकडे दुर्लक्षच झाले. अलीकडे सुरत महानगरपालिकेने जीर्णोद्धार करून तेथे संग्रहालय उभे केले, हे चांगलेच झाले. तरी पाहणाऱ्याने तेथे इनायतखानाच्या आधी ख्वाजा सफरला शोधावे. त्याने आणलेल्या तोफांची जात कशी होती, हे जुनागडच्या उपरकोटात आजही दिसते. दिवच्या किनाऱ्यावरून तेथे गेलेल्या ‘नीलम’ तोफेवर ती मिसरमध्ये हिजरी ९३७ (इ.स. १५३०-३१) साली, हिंदुस्थानात शिरलेल्या पोर्तुगीजांविरुद्ध ओतल्याचा लेख आहे.