कंठांतील ग्रंथि आणि रोजची गोळी

सोलापुराहून रात्रीं मुंबईस निघणाऱ्या गाडींत परळचा रस्ता विचारणारे प्रवासी भेटतात. पिशवींत कपडे थोडे आणि तपासणीचे कागद फार. त्यांतील कांहीं जण गळ्यांतील थायरॉईड ग्रंथीवर किरणोत्सर्गी आयोडिनाचा उपचार करून घ्यावयास निघालेले असतात. तो उपचार म्हणजे एक घोट पाणी किंवा एक कॅप्सूल. शस्त्र नाहीं, टांका नाहीं. परंतु त्यानंतर बहुतेकांच्या घरीं दुसरी एक लहानशी गोळी येते, आणि ती जन्माची सोबतीण होऊन राहते. त्या गोळीची हकीकत आज सांगावयाची आहे.

गलगंड आपल्या लोकांस पूर्वापार ठाऊक. पण ही ग्रंथि मुळींच नसली तर काय होतें, हें वैद्यकास फार उशिरां आणि फार कडू रीतीनें कळलें. स्वित्झर्लंडांतील बर्न शहरीं थिओडोर कोखर हे गलगंड कापून काढण्यांत निष्णात होते. रोगी बरे होऊन घरीं जात. पुढें त्यांनीं आपले जुने रोगी परत बोलावून पाहिले, तों ज्यांची ग्रंथि समूळ काढली होती त्यांच्यांतील बहुतेक सुजलेले, थंडीनें गारठणारे, बोलण्याचालण्यांत मंद झालेले आढळले. एक व्याधि जाऊन दुसरी आली होती. १८८३ सालीं कोखर यांनीं हें आपण होऊन जगापुढें मांडलें. १९०९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पण माझ्या मतें त्यांचा मोठेपणा त्या कबुलींत अधिक आहे.

या दुसऱ्या व्याधीवर उतारा सांपडला तो मेंढीपाशीं. १८९१ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें जॉर्ज मरे यांनीं मेंढीच्या ग्रंथीचा अर्क ४६ वर्षांच्या एका स्त्रीस टोंचला. ती सुधारली, पुढें तो अर्क पोटांत घेऊं लागली, आणि १९१९ सालीं वयाच्या ७४ व्या वर्षीं वारली. तेवढ्या काळांत ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथि तिच्या औषधास लागल्या! अर्काचें बळ मात्र नेहमीं सारखें नसे. १९१४ च्या नाताळांत अमेरिकेंत एडवर्ड केंडॉल यांनीं त्यांतील सत्त्व स्फटिकरूपानें वेगळें केलें, आणि १९२७ सालीं हॅरिंग्टन व बार्जर यांनीं तेंच प्रयोगशाळेंत घडविलें. औषधाच्या दुकानांतील लेव्होथायरॉक्सीनची गोळी ती हीच.

या ग्रंथीस आयोडिनाची भूक दांडगी. रक्तांतील आयोडिन ती वेंचून घेते. मग त्या घासांतच किरणांचें बळ घालून दिलें तर? बोस्टनचे सॉल हर्ट्झ यांनीं १९४१ च्या मार्चांत हा प्रयोग अतिचपळ झालेल्या ग्रंथीच्या रोग्यावर केला; १९४६ सालीं सॅम्युएल सायडलिन यांनीं ग्रंथीच्या कर्करोगांतहि त्याचा गुण येतो असें प्रसिद्ध केलें. आयोडिन-१३१ चें निम्में बळ आठ दिवसांत ओसरतें, ही त्यांत मोठी सोय. आपल्याकडे तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजीं सुरू झाली, आणि १९६३ सालीं मुंबईस रेडिएशन मेडिसिन सेंटर निघालें. त्याच १९६३ सालीं सोलापुरांत वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें, हा केवळ योगायोग. पण बोलका आहे. औषधाचा तो घोट मुंबईस एका दिवसांत पिऊन होतो. ग्रंथीवांचूनचा संसार मात्र साडेचारशे किलोमीटरांवर, आपल्या गांवीं, वर्षानुवर्षें करावा लागतो.

आरंभीं डॉक्टरांस वाटे कीं, मात्रा बेताची दिली तर ग्रंथि शांत होईल आणि कामहि करीत राहील. अनुभव निराळा आला. कित्येकांची ग्रंथि कांहीं महिन्यांनीं, कित्येकांची पुष्कळ वर्षांनीं मंदावली. म्हणून उपचारानंतर ‘आतां बरें आहे’ असें म्हणून तपासणी सोडणें धोक्याचें. मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्युटरी ग्रंथि टीएसएच नांवाचा स्राव सोडून थायरॉईडला तगादा लावीत असते. गोळी कमी पडली कीं तो तगादा वाढतो. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीं तो मोजतात, त्याआधीं मोजून उपयोग नाहीं. कर्करोगाच्या कांहीं रोग्यांत तो मुद्दाम दाबून ठेवतात. तेव्हां शेजारणीची मात्रा ती आपली मात्रा नव्हे.

माझ्या परिचयाच्या एका गृहिणीनें बरें वाटतें म्हणून गोळी सोडली. आठवडाभर कांहींच झालें नाहीं, म्हणून तिला आपलेंच खरें वाटलें. वस्तुतः शरीरांतील हें सत्त्व निम्म्यावर येण्यासच सुमारें एक आठवडा लागतो! दोन महिन्यांनीं तिला जिना चढवेना. गोळी सकाळीं उपाशीं पोटीं, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधीं घ्यावी. लोह व चुना असलेलीं औषधें तिच्यापासून चार तास दूर ठेवावीं. आणि सोलापूरकरांनीं एक विशेष लक्षांत ठेवावें: वैशाखांत येथें पारा चाळिसांपलीकडे जातो, आणि ही गोळी उष्णतेनें बिघडते. खिडकींतल्या फळीवर ती ठेवूं नये. घरीं गर्भारपण असेल तर मात्रा बहुधा वाढवावी लागते. डॉक्टरांस पहिल्याच महिन्यांत कळवावें.

कर्करोगाच्या रोग्यांवर आणखी एक प्रसंग येतो. तपासणीपूर्वीं तीन-चार आठवडे गोळी बंद ठेवण्यास सांगतात, म्हणजे टीएसएच वाढून उरल्यासुरल्या पेशी आयोडिन अधिक ओढून घेतात. बाहेरून टीएसएच टोंचण्याची सोय १९९८ पासून अमेरिकेंत मान्य झाली, पण ती महाग. त्या आठवड्यांत कोखरच्या रोग्यांची अवस्था थोडी थोडी घरांत दिसूं लागते. माणूस हिशेब चुकतो, हांकेला उशिरां ओ देतो, भर उन्हाळ्यांतहि चादर मागतो. घरच्यांनीं त्याला आळशी म्हणूं नये. तपासणी झाली कीं गोळी पुन्हां सुरू होते, आणि कांहीं आठवड्यांत चेहऱ्यावरची सूज उतरूं लागते.