मूकपटातील आद्य अभिनेत्री कमलाबाई गोखले : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मराठी चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या प्रवेशाची चर्चा बहुधा दुर्गा खोटे यांच्यापासून सुरू होते. सुशिक्षित व प्रतिष्ठित घराण्यातील स्त्री पडद्यावर आल्यामुळे या व्यवसायाला समाजमान्यता मिळाली, असे मत मांडले जाते. हे मत चुकीचे नसले तरी अपुरे आहे. त्यापूर्वी सुमारे दोन दशके दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी कॅमेऱ्यासमोर काम केले होते. प्रस्तुत लेखात कमलाबाईंच्या कार्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्यातील तारामतीची भूमिका अण्णा साळुंखे या पुरुष नटाने केली होती. कारण प्रयत्न करूनही फाळके यांना स्त्री कलावंत मिळाली नव्हती. याच काळात युरोपात मात्र 'अफग्रुंडेन' (१९१०) या चित्रपटामुळे डॅनिश अभिनेत्री आस्टा नील्सन हिचे नाव देशोदेशी पोहोचले होते.

चित्रपटप्रवेश व पुढील वाटचाल :
फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर' (१९१३) या दुसऱ्या चित्रपटात दुर्गाबाईंनी पार्वतीची, तर कमलाबाईंनी मोहिनीची भूमिका केली. पतीपासून विभक्त झालेल्या दुर्गाबाईंनी उपजीविकेसाठी फिरत्या नाटक मंडळीचा आश्रय घेतला होता. त्यामुळे कमलाबाईंचे बालपण रंगभूमीवरच गेले. पुढे त्यांचा विवाह रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. तरुणपणीच वैधव्य आले, तेव्हा तीन मुलांचा सांभाळ त्यांनी अभिनयाच्या बळावर केला. नाटकांत त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. बोलपटांच्या काळातही त्या कार्यरत राहिल्या. पुत्र चंद्रकांत गोखले व नातू विक्रम गोखले यांनी हा अभिनयवारसा पुढे नेला.

साधनांचा प्रश्न :
१९३२ मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात दुर्गा खोटे तारामती झाल्या. पुरुषाने साकारलेली तीच भूमिका एकोणीस वर्षांनी एका उच्चशिक्षित स्त्रीकडे आली. या दोन टप्प्यांच्या मध्ये कमलाबाई उभ्या आहेत. दुर्गा खोटे यांनी 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र लिहिले. साहजिकच त्यांचा अनुभव इतिहासाचे साधन ठरला. कमलाबाईंचा अनुभव मात्र मुख्यतः मौखिक राहिला. रीना मोहन यांच्या 'कमलाबाई' या माहितीपटाने १९९० च्या दशकाच्या आरंभी तो जतन केला, तेव्हा कमलाबाई वृद्ध झाल्या होत्या.

समारोप :
प्रतिष्ठा ही निकष मानली तर इतिहास १९३१-३२ पासून सुरू होतो. श्रम हा निकष मानला तर तो १९१३ पर्यंत मागे जातो. कमलाबाईंचा चित्रपटप्रवेश सुधारणेच्या चळवळीतून झाला नाही. तो चरितार्थाच्या निकडीतून झाला. म्हणून त्याचे ऐतिहासिक मोल कमी होत नाही. स्त्रियांच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास लिहिताना लिखित साधनांइतकेच मौखिक साधनांनाही स्थान देणे आवश्यक आहे, हेच या अभ्यासातून स्पष्ट होते.