ताज्या हॉप्सची पेल एल आणि भारताकडे निघालेली पिंपे

सप्टेंबर महिन्यात इंग्लंडच्या केंट परगण्यात हॉप्सची तोडणी ऐन भरात असते. हॉप्स ही भांगेच्या कुळातील वेल. तिच्या मादी वेलीला लागणारे हिरवे, शंकूच्या आकाराचे फुलोरे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देतात. तोडलेले बहुतेक फुलोरे लगेच भट्टीवर वाळवले जातात. थोडे मात्र न वाळवता, काही तासांतच, ब्रुअरीत पोचवून माल्टच्या उकळत्या काढ्यात टाकतात. त्यातून जी पेल एल तयार होते, ती वर्षातून एकदाच, या हंगामापुरती मिळते.

तिची चव नेहमीच्या इंग्लिश पेल एलहून निराळी असते. माल्टची बिस्किटासारखी गोडी तीच असते. परंतु कडवटपणा मवाळ असतो आणि नाकाला प्रथम जाणवतो तो नुकत्याच कापलेल्या गवताचा, काकडीच्या सालीचा ओला वास. फुलोरे गोल्डिंग्ज या जुन्या जातीचे असतील, तर मागाहून मधाची आणि संत्र्याच्या सालीची छटा येते. तीच जात वाळवून वापरली, की वास अधिक गडद आणि मसालेदार होतो. मेथीची ताजी जुडी आणि कसुरी मेथी यांत जो फरक, तोच येथे आहे. एक दुसरीपेक्षा सरस नव्हे. पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

हा फरक समजून घेतला, की भारताच्या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या ‘इंडिया पेल एल’चा इतिहासही अधिक स्पष्ट दिसू लागतो.

हॉप्सच्या फुलोऱ्यात ल्युप्युलिन नावाची पिवळी, चिकट भुकटी असते. तिच्यात दोन प्रकारची द्रव्ये असतात. पहिली अल्फा आम्ले; त्यांतील ह्युम्युलोन हे प्रमुख. काढा उकळताना त्यांची रेणुरचना बदलते आणि आयसो-अल्फा आम्ले तयार होतात. कडवटपणा त्यांचाच. ही आम्ले बिअर आंबवणाऱ्या लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंच्या पेशीपटलातून प्रोटॉन आत नेऊन त्यांची वाढ रोखतात. यीस्टला मात्र फारसा उपद्रव करत नाहीत. दुसरा प्रकार सुगंधी तेलांचा. त्यांतील मर्सीन फार चंचल असते; वाळवताना आणि उकळताना त्याचा बराच भाग उडून जातो. म्हणजे एकाच फुलोऱ्यात टिकणारा गुण आणि न टिकणारा गुण शेजारी शेजारी नांदतात.

ताज्या फुलोऱ्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. ते १० टक्क्यांवर आणले, तर १०० किलो मालाचे जेमतेम २२ किलो उरतात. पण तो माल वर्षभर साठवता येतो आणि दूरवर नेता येतो. व्यापाराला हेच हवे होते.

अठराव्या शतकात लंडनहून निघालेली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी मुंबई, मद्रास किंवा कलकत्त्यास पोचत. त्यांतून बिअरची पिंपेही येत. बिअर वाटेत नासत असे, म्हणून जॉर्ज हॉजसन नावाच्या लंडनच्या ब्रुअरने खास भारतासाठी नवी बिअर शोधून काढली, ही कथा अनेक पुस्तकांत आढळते. उपलब्ध पुरावा तिला दुजोरा देत नाही. १७८४ मध्येच कलकत्त्याच्या वृत्तपत्रात पेल एलच्या विक्रीची जाहिरात आली होती. उष्ण प्रदेशात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स वाढवावेत, हे ब्रुअरांना त्याआधीपासून ठाऊक होते. शिवाय पोर्टर ही काळसर बिअरही भारतात सुखरूप पोचत होती. गोऱ्या शिपायांचे पेय तेच होते, तर पेल एल प्रामुख्याने अधिकारी आणि व्यापारी वर्गाची. हॉजसनची खरी अनुकूलता भूगोलाची होती. त्याची बो येथील ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीपासून जवळ होती आणि जहाजांच्या कप्तानांना तो दीर्घ मुदतीची उधारी देत असे.

१८२० च्या दशकात बर्टन येथील सॅम्युएल ऑलसॉप या व्यापारात उतरला. तेथील जिप्समयुक्त पाण्यात हॉप्सचा कडवटपणा अधिक स्वच्छ उठून येतो. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव छापील स्वरूपात आढळते ते १८२९ मध्ये, आणि तेही सिडनीच्या वृत्तपत्रात. एकट्या संशोधकाच्या कथेपेक्षा उधारी, गोदी आणि पाणी यांचा हा इतिहास कमी रंजक असेल; पण तोच पुराव्याला धरून आहे.

प्रवासात पिंपातील बिअर बदलतही असे. १९०४ मध्ये कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील क्लॉसेन यांनी मुरवलेल्या इंग्लिश बिअरमधील एका निराळ्या यीस्टचे वर्णन केले आणि त्याला ब्रेटानोमायसीस हे नाव दिले. अनेक महिने पिंपात मुरणाऱ्या बिअरला विशिष्ट वास येतो तो त्यामुळे. अर्थात, मुंबईच्या धक्क्यावर उतरलेल्या पेयात ताज्या हॉप्सचा हिरवा गंध उरणे शक्यच नव्हते. भारताच्या नावाची बिअर ही टिकाऊ कडवटपणाची बिअर होती.

भारतात हॉप्स पिकत नाहीत असे नाही. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात, सुमारे ३,००० मीटर उंचीवर, गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांची लागवड झाली. थंड हिवाळा आणि उन्हाळ्यातील लांब दिवस या वेलीला मानवतात. परंतु रोहतांगची खिंड हिवाळ्यात बंद, रस्ता दुर्गम आणि बाजारात आयात मालाची स्पर्धा. त्यामुळे अनेक शेतकरी बटाटा, वाटाणा आणि फुलकोबीकडे वळले. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि हे खोरे मनालीपासून काही तासांच्या अंतरावर आले. लाहौलचा ताजा फुलोरा त्याच दिवशी मैदानाकडे निघू शकतो, ही गोष्ट आता अशक्य राहिलेली नाही. तेवढ्याने शेतकऱ्याला भाव मिळेलच असे नाही. आयात होणाऱ्या वाळलेल्या, दाबून गोळ्या केलेल्या हॉप्सशी त्याची गाठ आहे.

हॉप्स कडू असतात, असे आपण सहज म्हणून जातो. ते सुगंधीही असतात. पण सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासात टिकेल तेवढाच गुण व्यापाराने निवडला आणि पुढे तोच त्या वनस्पतीचा स्वभाव मानला गेला. पदार्थाची चव जितकी त्याच्या रसायनात असते, तितकीच त्याने कापलेल्या अंतरातही असते.