म्हैसूरचे वनखाते : चंदनापासून वाघापर्यंत

म्हैसूर संस्थानातील वनशासनाचा पाया चंदनाने घातला. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवले, आणि झाड कोणाच्याही शेतात उगवले तरी त्यावर मालकी राज्याचीच, हे तत्त्व पुढील राजवटींनीही कायम ठेवले. १८३१ मध्ये संस्थानाचा कारभार ब्रिटिश आयुक्तांकडे गेला आणि लेविन बोअरिंग आयुक्त असताना, १८६४ मध्ये, स्वतंत्र वनखाते स्थापन झाले. तोडीवर नियंत्रण, नवी लागवड आणि महसुलाची वसुली ही कामे त्याच्याकडे आली. १८८१ मध्ये राज्य वडियार घराण्याकडे परतल्यावरही ही व्यवस्था टिकली, आणि १९०० च्या वन अधिनियमाने राखीव वनांची, म्हणजे जेथे तोड, चराई वा शेती परवानगीवाचून करता येत नाही अशा क्षेत्रांची, चौकट अधिक पक्की केली.

चंदनाचे तेल खोडाच्या गाभ्यात आणि मुळांत असल्याने झाड तोडत नसत, तर मुळासकट उपटत. मग लाकूड सरकारी कोठीत तासून, त्याची प्रतवारी लावून लिलावात विकले जाई. १९१४ च्या महायुद्धाने जर्मनीकडे जाणारा माल अडकला, तेव्हा दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या काळात १९१६ मध्ये बंगळूरला आणि १९१७ मध्ये म्हैसूरला तेलाचे सरकारी कारखाने उभे राहिले, आणि वनखाते संस्थानी उद्योगाला कच्चा माल पुरवणारे खाते झाले.

१९३१ मध्ये बंदीपूर येथे सुमारे ९० चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाल्यावर लाकडाबरोबर वन्य प्राणीही संरक्षणाचा विषय ठरले, आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत बंदीपूरचा समावेश झाला. मात्र मध व कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या जेनू कुरुबांसारख्या समाजांना अभयारण्यांच्या सीमा आखताना वस्त्या सोडाव्या लागल्या. संरक्षणाचा हेतू महसुलाकडून वन्यजीवांकडे सरकला, तरी वनात कोणी राहावे याचा निर्णय दीर्घकाळ सरकारकडेच राहिला. खासगी जमिनीतील चंदनावरील मालकी २००१ च्या दुरुस्तीने शेतकऱ्याला मिळाली. वनवासींचे दावे प्रथम ग्रामसभेपुढे मांडण्याची तरतूद २००६ च्या वनहक्क कायद्याने केली.